गणपतीपुढचं जेट

१७ ऑगस्ट १९५८

ठरलं. यंदा गणपतीपुढे जेट विमान!

काल खाली पटांगणात मंडळाची सभा झाली. आमचं दार गॅलरीत उघडतं, त्यामुळे मला ती सबंध ऐकावी लागली. अर्ध्या पोरांना दरवर्षीसारखा संयुक्त महाराष्ट्राचा नकाशा हवा होता — मधे मुंबई, खाली बेळगाव-कारवार आणि कात्री घेऊन उभा असलेला दिल्लीकर. बाकीच्या अर्ध्यांना दौलतचं विमान. दौलत म्हणजे माझा नवरा. तोंडाने त्याचं नाव मी कधी घेतलं नाही, कागदावर घेते. लालबागेतला पहिला वैमानिक, असं मंडळाचे चिटणीस बाबुराव छाती फुगवून सांगतात. सगळा लालबाग त्यांनी कधी पालथा घातला कोण जाणे.

शेवटी तडजोड. विमानाच्या पंखांवर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' आणि विमानात दौलतचा फोटो. दोन्ही पक्ष खूष. वर त्याची बायको राहते, तिला एका शब्दाने विचारावं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. सासऱ्यांना विचारलं म्हणे. मामंजी नुसते हो म्हणाले नाहीत, उठून टाळ्या वाजवल्या त्यांनी.

१८ ऑगस्ट

रात्रभर तेच डोक्यात. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तो सरावाला वर गेला. जुनं जेट. दुसऱ्या विमानात त्याचा एक मित्र होता, त्याने मला पुढचं सांगितलं — "वहिनी, तो खाली आला, डोंगरामागे गेला, आणि मग मला नुसता धूर दिसला." बस, एवढंच. पुढे चौकशी झाली. निकाल एका वाक्याचा: वैमानिकाचा अंदाज चुकला.

माझ्या नवऱ्याचा अंदाज. दूधवाल्याच्या हाताकडे बघून माप कमी की जास्त सांगणारा माणूस तो.

२३ ऑगस्ट

आज रविवार नसून गॅलरीत दरबार! मामंजी गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते. मागांच्या खडखडाटात जन्म गेला, त्यामुळे हळू बोलणं म्हणून ठाऊक नाही. हातात वर्तमानपत्र, भोवती चार-पाच रिकामटेकडे.

"दिल्लीवाले वर्षानुवर्षं घोळ घालत बसले. इंग्रजांचं घ्यायचं की फ्रेंचांचं की रशियाचं की आपलं आपण बांधायचं! तिकडे पाकिस्तानला अमेरिकेने सेबर जेटं दिली पण. आणि आमची पोरं कशात उडत होती? जुन्या डबड्यांत!"

मग काय विचारता. कोपऱ्यावरचे लाल बावट्याचे भाऊ म्हणाले, रशियाकडून घ्या, ते अडवणूक करत नाहीत. कुणी म्हणालं, इंग्रजांच्या हंटर विमानाला चार तोफा असतात. कुणी म्हणालं, नॅट इवलंसं, पण कसं वळतं बघा. परकीय चलन संपत आलंय, आणणार कुठून, असं एकजण म्हणाला, त्याला सगळ्यांनी गप्प केलं. भाऊच्या धक्क्यावर पापलेट निवडावं तशी ही माणसं देशोदेशींची विमानं निवडत होती. यातल्या एकानेही विमानाला हात लावलेला नाही.

खरं सांगू? मामंजींचं म्हणणं चूक आहे असं मलाही वाटत नाही. नवी विमानं आली, तोवर तो जाऊन कितीतरी महिने झाले होते. तेवढे महिने कुणीतरी दिल्लीत खुर्चीत बसून पान उलटत होतं, हे आठवलं की माझ्या अंगाचा भडका उडतो. पण मामंजी तिथे थांबत नाहीत ना. शेवटी ठरलेलं वाक्य येतं — "आता नवी आलीत. आता त्यात आमचा जगदीश बसेल."

हे ऐकलं की हातातली कपबशी फेकून मारावीशी वाटते. कुणाला, ते लिहीत नाही.

२४ ऑगस्ट

सासूबाईंना विचारलं, तुम्हांला काय वाटतं? म्हणाल्या, "माका कोन इचारता?" आणि तांदूळ निवडायला लागल्या.

३० ऑगस्ट

जगदीश माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा अर्ध्या चड्डीत होता. आता इंटर सायन्स झालाय, माटुंग्याला कापड रंगवण्याचं शास्त्र शिकायचंय त्याला. बोटांना कायम निळा नाहीतर तांबडा डाग. आज मामंजी बाहेर गेल्यावर माझ्यापाशी येऊन बसला.

"वहिनी, मला नाही जायचं एअर फोर्समध्ये."

"मग सांग की बाबांना."

"तू बघतेस ना? दादाच्या फोटोसमोर बसवतात आणि विचारतात. तिथे नाही कसं म्हणू गं?"

कसं म्हणणार. खरंच. मी असते तर मीही म्हटलं नसतं.

मी त्याला म्हटलं, मी बघते काय ते. म्हटलं खरं. बघणार काय, कपाळ! या घरात माझा शब्द मीठ-मसाल्यापुरता चालतो.

पण एवढं मात्र पक्कं. या घरातून दुसरा मुलगा मी त्या यंत्रात बसू देणार नाही.

१८ सप्टेंबर

आरास उघडली. 

विमान कोंडीरामने बांधलंय. गिरणीत फिटर आहे, दौलतच्या बरोबरीचा, एकत्र गोट्या खेळलेले. कामट्या, वर कागद, त्यावर रुपेरी रंग. सुरेख झालंय, नाव ठेवायला जागा नाही. गिरणीतला टाकलेला चामड्याचा पट्टा आणि दोन कप्प्या लावून त्याने ते तारेवरून पळवलंय. आधी सासूबाईंना पुढे काढलं. त्यांनी त्या कागदी विमानाला ओवाळलं. दौलतच्या फोटोला कुंकू लावलं. बायका रडल्या. मी रडले नाही, म्हणून दोघींनी मान वळवून पाहिलं.

मग दिवे मालवले. कर्ण्यावर मामंजींचा आवाज — "हा पहा आपला दौलत, शत्रूवर झेप घेतो आहे!" विमान वरून सुटलं. खाली आलं. पुठ्ठ्याच्या डोंगरामागे गेलं. धाड! मागून धूर.

टाळ्या. शिट्ट्या. पोरं ओरडली, वन्समोर.

दर थोड्या वेळाने पुन्हा तेच. खाली येतो, डोंगरामागे जातो, धूर. गॅलरीचं दार लावलं तरी धाड ऐकू येतंच.

१९ सप्टेंबर

सकाळीच कोंडीरामला गाठलं. जिन्यात. म्हटलं, "भावजी, तो कसा गेला तुम्हांला ठाऊक आहे ना?"

"विमान पडून, वहिनी."

"डोंगरामागे पडून."

तो खालीच बसला पायरीवर. "आईशपथ, वहिनी, माझ्या डोक्यातच नाय आलं. बॉम्ब टाकतो असं दाखवायचं होतं ओ. विमान लपवायला आडोसा पायजे, म्हणून डोंगर केला." माणूस वाईट नाही. इथे कुणीच वाईट नाही, तीच तर पंचाईत आहे. दुपारी सुट्टी टाकून त्याने डोंगर काढला. विमान नुसतं गोल फिरायला लागलं.

मला वाटलं, जिंकले.

२० सप्टेंबर

डोंगर परत लावला. लोक म्हणे परेलहून बघायला येतात आणि नुसतं फिरणारं विमान बघून नाराज होतात. बाबुराव आले होते हात जोडून. मी मामंजींकडे बघितलं. म्हटलं, "मामंजी, तुम्ही तरी सांगा." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "डोंगर राहू दे. लोकांना दिसलं पाहिजे माझा मुलगा कसा गेला."

म्हणजे त्यांना माहीत होतं! पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत असून कर्ण्यावर ओरडत होते.

असलं काळीज कशाचं असतं? मी त्यांना आज जेवायला वाढलं नाही. सासूबाईंनी वाढलं.

२१ सप्टेंबर

मी शिकवते त्या शाळेतून मुद्दाम उशिरा आले. धाड तेरा नंबरच्या चाळीपर्यंत ऐकू येतं.

२४ सप्टेंबर

आज मंडळाचा परिसंवाद. विषय: 'देशाने विमाने कोणाकडून घ्यावीत?' गिरगावातून एक प्राध्यापक आले होते. ते छान बोलले. म्हणाले, आज इंग्रजांचं घेतलं की सुटे भाग इंग्रजांकडे, फ्रेंचांचं घेतलं की फ्रेंचांकडे. विमान आपलं, पण किल्ली त्यांच्या खिशात, तेव्हा बेंगलोरला आपलं आपण बांधा, वेळ लागला तरी चालेल. मागून कुणीतरी ओरडलं, "तोवर लढायचं कशाने, फुंकणीने?" हशा. मग संयुक्त महाराष्ट्र समितीचे एक पुढारी उठले. त्यांनी विमानाचा विषय दोन वाक्यांत आटोपला आणि मुंबईवर आले. आमच्या पोरांवर गोळ्या झाडायला पैसा आहे, आमची मुंबई आम्हांला द्यायला मन नाही! पटांगण नुसतं उसळलं. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. का वाजवू नयेत? छप्पन्न साली समोरच्या चाळीतून दोन तिरड्या निघालेल्या मी पाहिल्यात.

मग मामंजी. कागद नाही, टिपण नाही. "मला विमानांतलं काही कळत नाही," म्हणाले. चक्क! इतके महिने सगळ्यांचे कान किटवले आणि आज म्हणे कळत नाही. "मला एवढंच कळतं, की घासाघीस करायला दिल्लीवाल्यांकडे वेळ होता आणि माझ्या मुलाकडे नव्हता. चौकशीवाले म्हणतात त्याचा अंदाज चुकला. अंदाज त्यांचा चुकला! त्यांना वाटलं, जुनी विमानं अजून थोडे दिवस चालतील."   त्या क्षणाला मी त्यांना सगळं माफ केलं असतं.

आणि मग म्हणाले, "पण मी हटणारा नाही. या गणपतीसमोर सांगतो. माझा दुसरा मुलगा, जगदीश, मी देशाला दिला!"

टाळ्या थांबेनात. बाबुरावांनी जगदीशला ओढून व्यासपीठावर नेलं. गळ्यात हार. हाराच्या वर त्याचा चेहरा — कानाच्या पाळ्या लाल, नजर मला शोधत होती. मी खाली बघितलं. दिला म्हणे. जुनी चादर आहे ती, दिली?

२८ सप्टेंबर

गणपती काल गेले. सगळी आरास मोडली, पण विमान मोडायचा कुणाला धीर होईना. म्हणून ते आमच्या गॅलरीत आणून टांगलंय! वाळत घातलेल्या साड्यांच्या वर. जाता-येता पंख डोक्याला लागतो.

त्याच्याखाली उभं राहून मी आणि जगदीशने ठरवलं. एअर फोर्सच्या मुलाखतीला जायचं. नाही म्हणून बाबांना चारचौघांत तोंडघशी पाडायचं नाही. तिथे जाऊन उत्तरं चुकीची द्यायची, पळताना मागे राहायचं आणि नापास होऊन परत यायचं. मामंजींचा शब्दही राहील आणि पोरही राहील. त्याला चेव चढला एकदम. "वहिनी, नापास व्हायला मला अभ्यास लागत नाही." किती दिवसांनी हसलो दोघं.

९ नोव्हेंबर

जगदीश गेला देहरादूनला, मुलाखतीला. स्टेशनावर मंडळाची पोरं झेंडा घेऊन. मामंजींनी पाठ थोपटली, बोलले मात्र नाहीत. थंडीचे दिवस, म्हणून सासूबाईंनी दौलतचा स्वेटर दिला. मी हळूच म्हटलं, लक्षात आहे ना? त्याने डोळा मारला.

१८ नोव्हेंबर

पत्र नाही. माटुंग्याच्या कॉलेजात जाऊन पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची चौकशी करून आले. जूनमध्ये या, म्हणाले. येऊ.

२ डिसेंबर

तार आली. देहरादूनची मुलाखत पास, दिल्लीची डॉक्टरी तपासणी पण पास. काहीतरी चुकलं असणार. दुसऱ्या कुणाचं तरी नाव असेल.

९ डिसेंबर

जगदीश आला. चुकलं नव्हतं. देहरादूनला म्हणे गटात सगळे जीव तोडून पळत होते, तिथे मुद्दाम मागे राहायची लाज वाटली. आणि दिल्लीत दौलतच्या त्या मित्राने पालमच्या विमानतळावर नेऊन हंटरमध्ये बसवलं. "नुसता बसलो गं, वहिनी. डोक्यावरची काच बंद केली त्यांनी. बाहेरचा आवाज एकदम बंद. मला आता दुसरं काही नको. तू रागावू नकोस." त्याची बोटं स्वच्छ होती. रागावले नाही. रागावून काय करू!

मामंजींनी सगळ्या चाळीत पेढे वाटले. प्रत्येक दारात तेच, देशाला दिला, देशाला दिला. मग घरी आले, रिकामा पुडा ठेवला आणि मी भांडी घासत होते तिथे मोरीपाशी येऊन उकिडवे बसले. इतकं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"बकुळा, तुझं ऐकतो तो. जाऊ नको म्हण त्याला. मला वाटलं होतं, घेणार नाहीत."