व्यक्तिशः माझा विरोध नाही

बाबा, काल तुमची नात शाळेचा अभ्यास घेऊन बसली होती. शारजातल्या तिच्या शाळेत अमेरिकन अभ्यासक्रम आहे, आणि विषय नेमका तुमचा निघाला : अमेरिका नवी स्वतंत्र झाली तेव्हाच्या पुढाऱ्यांची खाजगी पत्रं. आयुष्यभर कॉलेजात तुम्ही हेच शिकवलंत. जेवतानाही सांगायचात, ''माणसाचं खरं मत भाषणात नसतं, खाजगी पत्रात असतं.'' लेक वाचता वाचता थांबली. ''मॉम, गुलामगिरी वाईट आहे असं तो मित्राला लिहितो, अँड ही स्टिल ओन्ड स्लेव्ह्ज?'' मी म्हटलं, ''अगं, लोकांना भीती असते.'' ती म्हणाली, ''भीती? ऑफ हू? ही वॉज द प्रेसिडेंट!''

मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. मी जातीबाहेरच्या मुलाशी लग्न करणार म्हणून काका ओरडताहेत, ''ती आम्हाला मेली!'' आई ओट्याशी पाठ करून उभी आहे. मी तुमच्याकडे बघते आहे. तुम्ही बशीतला चहा फुंकता, घोट घेता आणि म्हणता, ''साखर कमी आहे.'' बस, एवढंच.

आठवड्याने पुण्याला माझ्या खोलीवर तुमचं पत्र आलं. जन्मावरून माणसात भेद करणं हा अन्याय आहे, व्यक्तिशः माझा विरोध नाही, मुलगा मला आवडला. अक्षर नेहमीसारखं सुरेख. आणि खाली, ''हे घरात कुणाला कळू देऊ नकोस.'' त्यानंतर आईला मी कधी भेटू शकले नाही. ती गेल्याचंही मला इथे शेजारणीच्या फोनवरून कळलं. तुम्ही मात्र त्यावरही पत्र लिहिलंत, फार हळवं. बाबा, काका तुमच्यापेक्षा नऊ वर्षांनी धाकटे होते. घर तुमचं होतं. तुम्हाला भीती कुणाची होती?

तुमची सुंदर मतं मला नको होती. त्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हटलेलं एक वाक्य हवं होतं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगून टाकते. लग्नाच्या दिवशी नोंदणी कचेरीतल्या कारकुनाने विचारलं होतं, ''मुलीकडचं कुणी येणार आहे का?'' मी म्हटलं, ''वडील निघालेत, पोचतीलच.'' आणि कचेरी बंद होईपर्यंत मला ते खरं वाटत होतं.