ज्याच्या हातात चेंडू

९ जानेवारी, सोमवार

ज्याच्या हातात चेंडू, त्यानंच का थांबायचं?

सातवीतल्या दोन वेण्यांच्या मुलीनं आज विचारलं. मी म्हणाले, "नियम आहे." ती म्हणाली, "हो बाई, पण का?" मला उत्तर येत नाही. इथे कबूल करते, तिच्यासमोर नाही केलं. तिच्यासमोर शिट्टी वाजवली.

नियमांचं पुस्तक मला तोंडपाठ आहे. सात-सात जणांचे दोन संघ, मुलं-मुली एकत्र. उंच खांबावर कडी, तिच्यातून चेंडू गेला की गुण. चेंडू हातात आला की पाय जागच्या जागी, आणि तीन मोजायच्या आत तो दुसऱ्याकडे द्यायचा. का, ते पुस्तकात नाही.

तीन शाळा झाल्या. मार्चअखेरपर्यंत सात ठिकाणी खेळ सुरू झाला – शाळा म्हणा, क्लब म्हणा – तर या नव्या खेळाची संघटना मला नोकरीत कायम करणार. नाहीतर दुसरा प्रसारक शोधणार. बाबा गल्लीत सांगतात, "मुलगी खेळखात्यात अधिकारी आहे." खातं नाही, आणि अधिकारी तर नाहीच. पण आमच्या घरात पदवी पहिल्यांदाच आली. सांगू देत.

१२ जानेवारी, गुरुवार

चौथ्या शाळेत नकार. मुख्याध्यापिका चांगल्या आहेत, चहा दिला, मग म्हणाल्या, "अहो, अंगणात सायकली लावतो आम्ही. आहेत ते खेळ खेळायला जागा नाही, तुम्ही नवा घेऊन आलात." मी मुलामुलींनी एकत्र खेळण्याचं महत्त्व सांगितलं, सांघिक भावना सांगितली. त्या खिडकीतून सायकलींकडे बघत होत्या.

घरी येऊन चेंडू कोपऱ्यात आपटला. वहिनी म्हणाली, "वन्सं, चेंडूनं काय केलं?"

वहिनी साबणाच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. नववीपर्यंत शिकली. दिवसभर उभं राहून खोक्यांना टेप लावते आणि घरी येऊन माझी चेष्टा करायला तिच्यात जोर उरतो. म्हणाली, "एक जुना चेंडू द्या की मला. जेवणाच्या सुट्टीत बायका नुसत्या भिंतीला टेकून बसतात, पाय आखडतात."

दिला. सोबत नियमांची दोन पानंही दिली. आधी वाच, मग खेळा, असं बजावलं.

"बरं मास्तरीणबाई."

१७ जानेवारी, मंगळवार

नियम वाचलेस का, असं वहिनीला विचारलं. चेंडूत हवा भरायच्या पंपाची नळी गळत होती, तिनं ती पानं नळीभोवती गुंडाळली आहेत. "फार उपयोग झाला," म्हणाली.

२१ जानेवारी, शनिवार

आज वहिनीच्या जेवणाच्या सुट्टीत पॅकिंग हॉलवर गेले. बघून येऊ, चुकत असतील तर सांगू, असं मनात होतं.

हॉलच्या मागे लहानसं अंगण. एका बाजूला बॉयलरची भिंत, दुसरीकडे टेम्पोचं फाटक, मधली रुंदी जेमतेम बारा पावलं. डोक्यावर कागदी टोप्या, अंगावर निळे एप्रन, अशा चौदा-पंधरा बायका. खांब नाही, कडी नाही. मधोमध स्टुलावर एक गुडघेदुखीची मावशी उभी, आणि तिनं बूड कापलेला क्रेट डोक्यावर धरलेला. दोन्ही संघ त्याच क्रेटमध्ये चेंडू टाकतात. मावशी क्रेट इकडे-तिकडे कलंडवते, कधी चेंडू झेलायला, कधी चुकवायला.

"मावशी, तुम्ही त्यांच्याकडे झुकलात."

"मी नाही गं, माझा गुडघा झुकला."

"काल तुमच्या डब्यात त्यांचं लोणचं होतं, आम्ही बघितलंय."

"मग उद्या तुम्ही आणा."

मी म्हणाले, कडी स्थिर हवी, नियम क्रमांक चार. सगळ्या खेळायच्या थांबल्या. माझ्याकडे अशा बघायला लागल्या जणू मी तपासणीला आलेय. वहिनी चेंडू पोटाशी धरून म्हणाली, "वन्सं म्हणतात ते बरोबरच आहे. पण खांब रोवला तर टेम्पो कुठून येणार? आणि मावशींना खेळवायचं कसं?"

भोंगा झाला, त्या आत गेल्या. जातानाही हसत होत्या. माझ्या तिन्ही शाळांत मिळून कुणी एवढं हसलेलं नाही. पोरं रांगेत उभी राहतात, शिट्टीकडे बघतात, आणि तास संपला की सुटतात.

येताना रस्ताभर पोटात काहीतरी जळत होतं. मला वाटलं उपाशी आहे म्हणून. जेवले तरी राहिलं.

मत्सर. लिहून बघितला शब्द. वहिनीचा! माझा पदवीचा फोटो जी रोज पदरानं पुसते, तिचा.

२८ जानेवारी, शनिवार

त्यांनी खेळाला नाव ठेवलंय – थांबबॉल. संघटनेनं दिलेलं लांबलचक नाव माझ्या शाळांतल्या पोरांना अजून धड उच्चारता येत नाही. हे मात्र आमच्या गल्लीतल्या पोरांच्याही तोंडी आहे. वहिनीनंच ठेवलं असणार. विचारलं नाही.

दुसरंच विचारलं. ती कणीक मळत होती. सहज विचारल्यासारखं केलं: "ज्याच्या हातात चेंडू, त्यानं का थांबायचं गं?"

"तो थांबला की बाकीच्यांना त्याच्यासाठी पळावं लागतं. तोच पळत सुटला तर बाकीचे बघत बसतील." मग मान वर करून, "का? पुस्तकात वेगळं आहे?"

"नाही, तेच आहे," मी म्हणाले.

३० जानेवारी, सोमवार

दोन वेण्यांच्या मुलीला उत्तर दिलं. माझं म्हणून दिलं. तिचं समाधान झालं.

२ फेब्रुवारी, गुरुवार

सायकलींच्या शाळेतून फोन! त्यांच्या शिपायाची बायको पॅकिंग हॉलमध्ये आहे, तिनं शाळेत जाऊन खेळ दाखवला म्हणे. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तो क्रेटचा खेळ आमच्या अंगणात बसेल हो. त्या पॅकिंगवाल्या बाई येतील का शिकवायला?"

त्या बाई. मी नाही.

वहिनीला निरोप दिला – द्यावाच लागला. ती म्हणाली, "मला कुठली आली सुट्टी? गैरहजर राहायचं तर आपल्या जागी बदली माणूस उभा करावा लागतो, नाहीतर जागा जाते. तुम्ही उभ्या राहताय का? पदवीधर बदली बघून सुपरवायझर खुर्चीवरून पडेल." पोट धरून हसली. मग म्हणाली, "तुम्हीच जा. तुम्हाला तर सगळं येतंच."

सगळं येतंच! टोमणा असता तर बरं झालं असतं. ती खरंच तसं समजते.

७ फेब्रुवारी, मंगळवार

सायकलींच्या शाळेत सुरू झालं. इस्पितळाच्या धुलाईघरात सुरू झालं. डेपोतल्या कंडक्टर बायकांनी तर मला विचारलंसुद्धा नाही, वहिनीच्या मैत्रिणीकडून शिकून मोकळ्या झाल्या. तीन शाळा माझ्या, आणि पॅकिंग हॉल धरून ही चार. सात.

मासिक अहवाल भरला. "खेळ कोणी सुरू केला" असा रकाना आहे. सातही ओळींत माझं नाव लिहिलं. पॅकिंग हॉलसमोरही. पेन जराही अडखळलं नाही, तेच सारखं आठवतंय.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

संघटनेचे साहेब पाहणीला आले. म्हणाले, शाळा नेहमीच्याच, तो कारखाना दाखवा.

मी रस्ताभर देवाला विनवत होते की आज टेम्पो अंगणातच उभा असू दे. नव्हता.

साहेब दहा मिनिटं बघत राहिले. मावशीनं एकदा क्रेट इतका वाकवला की तिची कागदी टोपी साहेबांच्या बुटांवर पडली. ते स्वतः उचलून द्यायला गेले. मग मोठ्यानं म्हणाले, "जागा नाही म्हणून नाही म्हणणाऱ्या शाळा माझ्याकडे ढीगभर आहेत. हे डोकं कुणाचं?"

मी तोंड उघडणार, त्याआधी वहिनी: "आमच्या वन्संचं. त्यांनीच बसवून दिलं सगळं. आम्ही काय, सांगतील तसं करतो."

मावशीनं स्टुलावरून माझ्याकडे पाहिलं. क्रेट खाली घेतला फक्त.

मी म्हणाले, "जागा कमी होती, म्हणून मग..." एवढंच. अर्धं वाक्य. खोटं मात्र पूर्ण झालं त्यात.

११ फेब्रुवारी, शनिवार

वहिनीला गाठून विचारलं, असं का सांगितलंस?

"तुमची नोकरी कायम व्हायचीय ना? माझं काय अडलंय त्यावाचून? माझी जेवणाची सुट्टी कुणी नेतंय का?"

मला राग आला. अजून आहे. जिच्यावर जळायचं ती थोडी तरी वाईट असावी. हिनं तेवढीही सोय ठेवली नाही.

जेवताना बाबा म्हणाले, "सूनबाई, तूही खेळतेस म्हणे. नणंदेकडून शिकलीस वाटतं?"

"मग काय बाबा! गुरू घरातच आहे."

दादा हसला. मी पाण्याचा पेला उचलला आणि तो रिकामा आहे हे ओठाला लागल्यावर कळलं.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

पत्र आलं. सत्तावीस तारखेपासून चार दिवस सगळ्या प्रशिक्षकांचं शिबिर. त्यात "आपण विकसित केलेल्या क्रेट पद्धतीचे प्रात्यक्षिक" मी द्यायचं. कायम केल्याचा आदेश तिथेच हाती देणार.

बाबांनी चष्मा लावून पत्र मोठ्यानं वाचलं. तीन वेळा. "विकसित" वर दर वेळी थांबले.

वहिनीनं स्वतःचे कॅनव्हासचे बूट धुऊन वाळत घातलेत. "तुमचे पुढून फाटलेत. चार लोकांत जायचं तर हे घालून जा." आमचं माप एकच आहे. आजवर मला ते बरं वाटायचं.

२० फेब्रुवारी, सोमवार

आरशासमोर सराव केला. "क्रेट धरणाऱ्या खेळाडूने गरजेनुसार झुकावे." मलाच झोप आली.

पुन्हा केला. या वेळी क्रेटऐवजी चादरीची घडी डोक्यावर धरली. मावशीला कधी, कुणाकडे आणि किती झुकायचं ते कुणी सांगितलं? कुणी हरायला लागलं की ती तिकडे कलते, एवढं मी बघितलंय. ते शिकवायचं कसं, ते वहिनीला माहीत आहे. मला फक्त ते तिला माहीत आहे हे माहीत आहे.

२२ फेब्रुवारी, बुधवार

हॉलच्या सुपरवायझरला भेटून आले. तो खुर्चीवरून पडला नाही. नुसता दोनदा "तुम्ही?" म्हणाला.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

संघटनेच्या ऑफिसात गेले. अहवाल परत मागितला, चार ओळींतलं माझं नाव खोडून वहिनीचं लिहिलं आणि शेजारी सही केली. साहेब बराच वेळ त्या खाडाखोडीकडे बघत होते.

"मग तुमच्या तीनच होतात."

"हो."

"आदेश थांबवावा लागेल. आणि शिबिराचं काय?"

"शिबिराला त्याच येतील. ज्यांनी काढलंय, त्या."

"शिक्षण?"

"नववी. पण प्रश्न विचारून बघा."

बाहेर आल्यावर हलकं वगैरे काही वाटलं नाही. बाबांना कसं सांगायचं, एवढंच डोक्यात.

२५ फेब्रुवारी, शनिवार

वहिनी दोन दिवस नाहीच म्हणत होती. आधी "काहीतरीच काय", मग "मला नाही जमायचं", मग "जागा गेली म्हणजे?" बदली मीच उभी राहणार, हे सांगितल्यावर तिनं बूट उचलून आणले. मग म्हणाली, "बूट मग मलाच लागतील."

बाबांना सांगितलं. ते चष्मा पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "विकसित तिनं केलं होतं होय?"

२७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी वहिनीला गाडीत बसवलं आणि आठच्या भोंग्याला तिच्या जागी उभी राहिले. माझी टेप वाकडी लागते. जेवणाच्या सुट्टीत मावशीनं क्रेट माझ्या हातात दिला – "आज मी खेळणार, तू धर." तिकडे शिबिरात वहिनीभोवती सगळे गोळा झाले असतील. अजून जळतंय. मावशीचा पहिला चेंडू हातभर बाहेर चालला होता, मी झुकले.