व्हॉल्व्हपाशी दाबू नकोस

बारक्या,

दूध तापवून ठेवलंय. टायर मशीनच्या जबड्यांना प्लास्टिकच्या नव्या टोप्या घातल्यात. बाबांची गोळी जेवणानंतर द्यायची, आधी नाही. मागच्या दाराची कडी ढकलून लाव.

आज ते सोनेरी चाकांवाले साहेब टायर बदलायला येतील. चाकं खास घडवून घेतलेली आहेत, एक ओरखडा उठला तरी आभाळ डोक्यावर घेतील. साबणाचं पाणी लावताना हात आखडू नकोस. नट एअरगनने नको, हातानेच आवळ. हवेचा सेन्सर आतून व्हॉल्व्हलाच जोडलेला असतो, तिथे दाबलंस तर कटकन तुटेल.

मी दुकानात येणार नाही. काल तू त्यांना हसत म्हणालास, "बिनधास्त राहा साहेब, ताईला हातसुद्धा लावू देत नाही. सेन्सर तोडण्यात तिचा हात कोण धरणार?" तुझं काही नाही, पण बाबाही हसले. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला मी आजपासून येते म्हणून सांगितलंय. माझा पाना नेलाय, तुझा खिळ्यावर आहे.

गेल्या वर्षी तू टायर उतरवून जेवायला गेलास, तेव्हाच तो सेन्सर तुटलेला होता. कोणी तोडला असं बाबांनी विचारलं, तेव्हा मी माझं नाव सांगितलं.

ताई