तेरा इंच

४ डिसेंबर, बुधवार

बाबा पडले. म्हणजे मी पाडले.

सकाळी संडासला न्यायला खाटेवरून उचलत होतो, रोजच्यासारखंच. अर्ध्यावर आलो आणि माझ्या कंबरेत चमक निघाली. दोघंही खाली – मी फरशीवर, बाबा माझ्या मांडीवर. लागलं कोणालाच नाही. पण उठताही कोणाला येईना. बाबांची उजवी बाजू दोन वर्षांपासून लकव्यानं गेलेली. माझ्या दोन्ही बाजू शाबूत आहेत, त्याचा काही उपयोग झाला नाही. माझी बायको पौर्णिमा वडनेरच्या शाळेत शिकवायला निघून गेली होती. आईचं वजन चाळीस किलो. ती दारात उभी राहून म्हणाली, "आता?"

शेजारच्या कैलासला हाक मारली. तो दात घासता घासता आला. तोंडात फेस होता म्हणून काही बोलला नाही, ते बरं झालं.

बाबा म्हणजे तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली केलेला माणूस. पाठीवर शंभर किलोचं पोतं घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचा. त्याला आज दोन जणांनी पोराच्या मांडीवरून उचललं. बाबा दिवसभर भिंतीकडे तोंड करून होते.

५ डिसेंबर, गुरुवार

पौर्णिमाने खाटेच्या पायांखाली विटा लावल्या. खाट उंच झाली. पण बसलं की बाबांचा चांगला पायही जमिनीला टेकेना, नुसता लोंबकळायला लागला. तासभर सहन केलं, मग म्हणाले, "काढ."

काढल्या. तिने भीतभीतच डायपरचं आणि खाटेवरच्या भांड्याचं विचारलं. परत भिंत.

६ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी विहारात गेलो. वंदनेला गुडघे टेकले. उठताना दोन्ही हात टेकावे लागले. बाजूला सत्तरीच्या रुख्माबाई होत्या, त्या माझ्या आधी उठल्या आणि मला हात दिला.

घरी आलो तर आई म्हणाली, "तुये बाबा पानी नाई पिऊन राह्यले. परवापासून."

त्यांच्या उशाशी पाण्याचा गडवा असतो, पौर्णिमा सकाळी भरून ठेवते. झाकण काढून पाहिलं. जवळपास काठोकाठ.

समजायला वेळ लागला नाही. पाणी प्यायलं की जावं लागतं. जायचं म्हणजे मी उचलणार. मी उचलणार म्हणजे पडणार.

९ डिसेंबर, सोमवार

जिम लावली. वय चव्वेचाळीस. जिम कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर आहे. फवारणीच्या औषधाचा वास जिन्यातून वर येतो. शिकवणारा अंकुश, सव्वीस वर्षांचा. म्हणाला, "वासाचं टेन्शन नका घेऊ काका, मच्छर नाई राहत अथी."

मग म्हणाला, गोल काय आहे? मी म्हणालो, पाय मजबूत करायचे. बाबांचं सांगितलं नाही. बाप पाडला हे सांगायची काय गोष्ट आहे?

त्याने खांद्यावर नुसता रॉड दिला, वीस किलोचा. खाली बसायचं आणि उठायचं, याला स्क्वॉट म्हणतात. मी दहा मारले आणि रॉड ठेवला.

"काका, बसले कुठं तुमी? निस्ते वाकले."

आरशात परत करून पाहिलं. खरं होतं. अठरा वर्षं मी जिनिंगच्या वजनकाट्यावर खुर्चीत बसून ट्रकांची वजनं लिहितोय. माझं शरीर खुर्चीच्या उंचीवर येतं आणि थांबतं. त्याला वाटतं, पोचलो.

१० डिसेंबर, मंगळवार

काट्यावरच्या केबिनचा जिना बसून उतरलो. सहा पायऱ्या. दोन ड्रायव्हर बघत होते.

१३ डिसेंबर, शुक्रवार

टेप घेऊन खाट मोजली. पंधरा इंच. बाबा बसले की खाटेची विणलेली नवार झोळ खाते, मग तेरा. त्यांच्या काखेखाली खांदा घालायचा तर माझं बूड तेरा इंचांपर्यंत गेलं पाहिजे. आजपर्यंत मी वरूनच कंबरेत वाकून ओढत होतो. पडणारच.

अंकुशला म्हटलं, मला बसायला तेरा इंचांचं काहीतरी ठेव, त्याला टेकून उठतो.

"तेराच काऊन?"

"तेराच."

त्याने खालून बियाण्याचं लाकडी खोकं आणलं. मी टेप लावला. साडेतेरा. म्हटलं चालेल. तो माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागला आहे.

घरी दाराची चौकट धरून सराव केला. आई समोर उकिडवी बसून तांदूळ निवडत होती. म्हणाली, "उकिडवं बसाले बी आता जिमात जा लागते काय?"

गडवा संध्याकाळी पाऊण भरलेला.

१७ डिसेंबर, मंगळवार

बाबांना ताप. ऑटोने दवाखान्यात नेलं. लघवीत इन्फेक्शन निघालं. डॉक्टर म्हणाले, दिवसाला दोन लिटर पाणी गेलंच पाहिजे, नाहीतर मूत्रपिंडावर येईल, मग भरती करावं लागेल. बाबांनी मान हलवली. घरी आल्यावर गोळीपुरते दोन घोट.

येताना एक काम करून घेतलं. किती वजन उचलायला शिकायचं ते कळायला हवं म्हणून ऑटो आमच्या काट्यावर घेतला – आधी बाबांसकट, मग त्यांना उतरवून. आमचा काटा ट्रकांसाठी आहे, दहा-दहा किलोंच्या पटीतच आकडा दाखवतो. बाबा साठ किंवा सत्तर आहेत. सत्तर धरून चालतो.

ऑटोवाल्याला पावती पाहिजे होती, आठवण म्हणून. दिली.

२१ डिसेंबर, शनिवार

अंकुशला माझा दोष सापडला. खाली जायला लागलो की टाचा उचलल्या जातात. "घोटा जाम हाय काका तुमचा. टाच उचलली का वजन समोर जाते, मंग कंबर ओढते." त्याने टाचांखाली अडीच-अडीच किलोच्या दोन प्लेटा सरकवल्या. चमत्कार. खोक्याला टेकलो आणि उठलो.

मी म्हणालो, हे आधी का नाही केलं?

२४ डिसेंबर, मंगळवार

बाबांना सकाळी एकदा, दुपारी जेवायच्या सुट्टीत एकदा आणि संध्याकाळी एकदा उचलतो. आता कैलास सकाळी बाजूला उभा राहतो, फेस न करता येतो. पडलो नाही परत.

उचलताना बाबांची हनुवटी माझ्या खांद्यावर येते. ते मागे, खाली बघत राहतात. एकदाही वर बघत नाहीत. लाज वाटत असणार. मीही समोरच्या भिंतीकडे बघतो.

गडवा अर्ध्याच्या वर.

१ जानेवारी, बुधवार

चाळीस किलो. तेरा इंच. आठ वेळा.

४ जानेवारी, शनिवार

पन्नास. पौर्णिमा म्हणते, मी झोपेत मोजतो.

गडवा अर्धा. रोज अर्धाच. बाबांचे ओठ फुटले आहेत. आई त्यांना पाणी पाजायला जाते तर ओठ घट्ट मिटतात, लहान पोरासारखे.

११ जानेवारी, शनिवार

सत्तर! खोक्याला टेकून पाच वेळा. म्हणजे माझा बाप, पाच वेळा, तेरा इंचांवरून. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अंकुश म्हणाला, "काका, जिल्ह्याच्या कॉम्पिटिशनमदी नाव टाकू का?" मी म्हणालो, नको, माझी ठरलेली आहे.

घरी येऊन बाबांना सांगितलं. सत्तर किलो उचलतो आता, घाबरू नका, पोटभर पाणी प्या. त्यांनी ऐकलं. मग त्यांना उचलून नेलं, आणून बसवलं. नीट. कुठं काही हललं नाही.

गडवा अर्धा.

१२ जानेवारी, रविवार

आज बाबांवर ओरडलो. लिहितो, म्हणजे विसरणार नाही.

सकाळी परत ताप. मी गडवा त्यांच्या तोंडाजवळ नेला, त्यांनी डाव्या हाताने सरकवला. पाणी गादीवर. मी म्हणालो, मरायचं आहे का तुम्हाला? महिनाभर मी वेड्यासारखा उठाबशा काढून राहिलो ते कोणासाठी? आणखी काय काय बोललो. आई म्हणाली, राकेश. मी थांबलो.

बाबा म्हणाले, "टाच."

लकव्यापासून त्यांची जीभ जड आहे, एकेक शब्द ओढून काढावा लागतो.

"तुई टाच उचलते. रोज. म्या पाह्यतो."

मग तुकड्यातुकड्यानं सगळं निघालं. अर्धा तास लागला. त्यांच्या वेळी मुकादम नव्या हमालाचे पाय ओले करून त्याला फरशीवर उकिडवं बसवायचा. मग फरशी पाहायचा. टाचेचा ठसा उमटला तर पोतं, नाही तर घरी जा. बाबांचा जोडीदार होता प्रेमदास. त्याचा ठसा उमटत नव्हता. पण हंगाम जोरात होता, माणसं कमी होती, मुकादमानं घेऊन टाकला. तिसऱ्या वर्षी प्रेमदास फळीवर कंबरेतून गेला. सात वर्षं खाटेवर होता.

"म्या पडलो त पडलो," बाबा म्हणाले. "म्हातारा हाय म्या. तू मोडला त? तुले कोन उचलीन?"

ते लाजून खाली बघत नव्हते. सव्वा महिना माझ्या टाचा बघत होते. आणि मला कमी वेळा उचलावं लागावं म्हणून पाणी कमी पीत होते.

अंकुशच्या प्लेटा जिममध्ये होत्या. घरी फरशी होती. हे मला सुचलं नाही आणि खाटेवरच्या माणसाला रोज दिसत होतं.

मागच्या अंगणात जाऊन रडलो. पाच मिनिटं. मग गादी वाळत घातली.

१३ जानेवारी, सोमवार

अंकुशला सगळं सांगितलं. मांडीवर पडलेल्या बाबांपासून. तो बराच वेळ डंबेल पुसत राहिला. म्हणाला, "पहिले सांगाचं न काका. मले वाटे तुमी लग्नाबिग्नाच्या मागं लागले."

प्लेटा काढल्या. सत्तरवरून परत नुसता रॉड. टाच टेकेल तिथपर्यंतच बसायचं. वीस इंच. जिथून सुरू केलं होतं त्याच्याही वर.

१४ जानेवारी, मंगळवार

बाबांशी करार केला. माझी टाच टेकेपर्यंत कैलास तिन्ही वेळा येईल. दोघं असलो की कोणी मोडत नाही. तोवर गडवा पाऊण तरी रिकामा झाला पाहिजे. बाबा म्हणाले, "अर्धा." आई म्हणाली, "पाऊन." पाऊण ठरलं. आईपुढे त्यांचं तसंही चालत नाही.

२० जानेवारी, सोमवार

रोज सकाळी आईच्या समोर उकिडवा बसतो. तिची टाच जमिनीला चिकटलेली, ती तूर निवडते, बोलते, पदर सावरते. मी चौकट धरून घाम गाळतो. आज चौकट सोडून पाहिली आणि मागे उलटा गेलो, चारी पाय वर. आईला हसताना पोटाला हात लावावा लागला. खाटेवरून आवाज आला. बाबापण हसत होते. किती महिन्यांनी.

२८ जानेवारी, मंगळवार

टाचेखालून आता एकच बोट जातं. आधी दोन जायची. बोट घालून आईच बघते.

बाबा खाटेवरून म्हणतात, "अजून." मुकादमाचा आवाज काढतात.

३ फेब्रुवारी, सोमवार

बोट जात नाही. कागद जातो.

गडवा पाऊण रिकामा, करारापुरता. त्याच्या पुढे एक घोट नाही. बाबा हिशोबाला पक्के आहेत.

९ फेब्रुवारी, रविवार

आंघोळ करून ओल्या पायांनीच बाबांच्या खाटेसमोर आलो. कैलासला म्हटलं, तू नुसता उभा राह्य. बसलो. कशालाही न धरता, पार खाली. बाबांच्या काखेखाली खांदा घातला, त्यांचा डावा हात गळ्यात घेतला. हनुवटी माझ्या खांद्यावर आली. दम भरला आणि उठलो.

उभे राहिलो तसेच थांबलो. मी एक पाऊल बाजूला सरकलो, म्हणजे त्यांना दिसेल. फरशीवर दोन पाय उमटले होते. बोटं, चवडा, टाच.

बाबा बघत राहिले. बराच वेळ. मला सत्तर किलो जड व्हायला लागले तरी हललो नाही. मग त्यांनी डाव्या हाताने माझ्या पाठीवर एकदा थापटलं, पोतं नीट बसलं की हमाल थापटतात तसं.

कैलास म्हणाला, "मंग म्या जाऊ काय?"

१० फेब्रुवारी, सोमवार

साडेनऊला काट्यावर आईचा फोन. "ये. बाबाले जाचं हाय. पूरा गडवा पेले अन् दुसरा मांगून राह्यले." अल्लीपूरच्या कापसाचा ट्रक काट्यावर चढलेला होता. ड्रायव्हरला म्हटलं, थांब, घरी जाऊन येतो.

साडेअकराला परत फोन. "ये. दुसरा बी सरला."