साष्टीचं बेट

पंतोजी, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा आता मोकळेपणी लिहायला हरकत नाही. कल्याणची आपली शाळा सरकारी झाली, तुमचा पगार सरकारी झाला, पण तुम्ही शेवटपर्यंत पंतोजीच राहिलात. भूगोलही तुमच्या लेखी घोकायचा श्लोक. 'चहूंकडून पाण्याने वेढलेल्या जमिनीस बेट म्हणतात' असं आम्ही डोलत म्हणायचो आणि तुम्ही डोळे मिटून पाय चेपून घ्यायचात. चेपणारेही आम्हीच. बेट असतं कुठे, हे कुणी विचारलं नाही, कारण विचारणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मग ट्रेनिंग कॉलेजातून शिकून दुय्यम मास्तर आले. त्यांनी एका सकाळी आमच्याकडून खाडीचा चिखल आणवला आणि ज्यावर ठाणं वसलंय ते साष्टीचं बेट शाळेच्या ओसरीवर केलं. भोवती पाणी ओतलं, कळव्याच्या अंगाला रेल्वेचा पूल म्हणून एक काडी आडवी ठेवली. तुम्ही येता, बघता आणि शांतपणे म्हणता, "पोरांना चिखलात खेळवायला सरकार पगार देतं काय?" आणि जोडा न काढता ते सगळं तुडवता. मास्तर तांब्या धरून उभेच राहतात.

पुढे शाळाखात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर तपासणीला आले. बेटाची व्याख्या आम्ही एका सुरात म्हटली; तुमची मान ताठ झाली. "मी ठाण्याहून आलो," डेप्युटी म्हणाले, "तर मी बेटावरून आलो की नाही?" माझा धाकटा भाऊ तेवढा उठला. "होय साहेब. दुय्यम मास्तरांनी चिखलाचं बेट करून दाखवलं होतं."

"कुठे आहे? बघू."

"पंतोजींनी पायानं मोडलं."

डेप्युटी हसले, तुम्हीही हसलात. त्यांचा टांगा वळला आणि तुम्ही भावाच्या कानशिलात मारत सुटलात. कानातून रक्त आलं. घरी आई म्हणाली, "पंतोजींनी मारलं, म्हणजे तूच काहीतरी केलं असशील." तो कान कायमचा गेला आणि भाऊ पुन्हा शाळेत गेला नाही. आज तो मालधक्क्यावर पोती उतरवून घेतो. दुय्यम मास्तरांची तुम्ही खटपट करून मुरबाडच्याही पुढे बदली करवलीत. तुम्हाला शिकवता येत नव्हतं, हे एक वेळ मी सोडून देईन. पण दुसऱ्याला येतं, एवढंही तुम्हाला सोसलं नाही.

आता मी ठाण्याला हेडमास्तर आहे. मुलांना वस्तू दाखवून शिकवावं, असा वरून हुकूम आहे. ट्रेनिंग कॉलेजातून आलेला माझा एक मदतनीस मास्तर मिठाचा खडा उंच धरतो आणि वर्गाकडून घोकून घेतो: मीठ पांढरे आहे, मीठ पाण्यात विरघळते. मग खडा पुडीत बांधून ठेवतो. पाण्याचा थेंब आणत नाही. त्याला पाहिलं की वाटतं, तुम्हीच कॉलेजात जाऊन आलात.

परवा कल्याणचे जुने विद्यार्थी आले होते. शाळेत तुमची तसबीर लावायची ठरली आहे आणि त्या दिवशी मी बोलावं अशी त्यांची इच्छा. वर लिहिलेलं सगळं तेव्हा माझ्या जिभेवर होतं. मी म्हणालो, "येईन. भाग्य माझं." चार माणसांत तुमच्याविरुद्ध ब्र काढायचा धीर मला अजून होत नाही, पंतोजी.