निळी पडलेली पट्टी

तेलीबाग, लखनऊ
४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तुम्ही लावत नाही, म्हणून हे पत्र. आमच्या प्रयोगशाळेत जखमेवर चिकटवायची एक पातळ, पिवळी पट्टी तयार झाली आहे. जखम चिघळू लागली की ती निळी होते आणि तिच्यातलं औषध आपोआप सुटतं. नीट जमलेला पहिला नमुना सोबत आहे. आपल्या रिवाजाप्रमाणे देवापुढे ठेवा. सिद्धेश हिंदीतच विचारतो आहे, की देव आईला किती मार्क देणार.

पायाला जपा. लोभ आहेच, तो वाढू द्या.
प्रणिता

मिरज
१३ फेब्रुवारी

चि. सौ. प्रणितास,
अ. उ. आ.

पट्टी देवापुढे ठेवली, फूल वाहिलं. मग म्हटलं, देव धडधाकट आहेत, गरज मला आहे. साखरेमुळे माझ्या पायाला काही जाणवत नाही, हे तुला माहीत आहेच. करंगळीशी चप्पल घासून जखम झाली होती, तिथे ती चिकटवली. झकास निळी झाली, म्हणजे औषध सुटलं. राघव दवाखान्यात चला म्हणून मागे लागला होता. त्याला सांगितलं, तुझी बहीण बसली आहे लखनऊला.

तुझा अभिमान वाटतो. सिद्धेशला माझा पापा.
बाबा

तेलीबाग, लखनऊ
१९ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आत्ताच वाचलं. राघवला लगेच फोन केला, तो तुम्हाला दवाखान्यात घेऊन निघाला आहे; पोस्टाला वेळ लागेल, म्हणून या पत्राचा फोटो त्याच्या फोनवर पाठवते आहे. नमुन्यात औषध नव्हतंच, नुसता रंग होता. माणसांवर चाचणीही झालेली नाही. पण पट्टी निळी झाली म्हणजे जखम चिघळली आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. डॉक्टर म्हणतील तसं करू द्या. मी खूप रागावले आहे आणि उद्याच्या गाडीने निघते आहे.

तुमचीच,
प्रणिता

मिरज
१० मार्च

चि. सौ. प्रणितास,
अ. उ. आ.

तू परत गेल्यावर टाके निघाले. करंगळी गेली, पाऊल राहिलं. डॉक्टरांनी विचारलं, दुखत नव्हतं तर कळलं कसं? म्हटलं, मला नाही कळलं, पट्टीला कळलं आणि लेकीने ते ओळखलं. एका म्हाताऱ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे तू इथे येऊन पुन्हा पुन्हा बजावलंस. मान्य. माझी मात्र खात्री पटली.

पुढच्या पट्टीवर एवढं कर, ‘निळी झाली की डॉक्टरकडे जा’ असं ठसठशीत छाप. तुझ्या हातची वस्तू मला वाईट बातमी देईल, हे माझ्या मनातच आलं नाही गं.

राग गेला असेल तर लोभ पाठव.
बाबा