दोन माणसांचं वजन पेलणारी घोडी

आर्णी,
आषाढातला रविवार, दुपार

तीर्थरूप दिपालीताईंना सलोनीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून, कारण टेबलावर झाडं कापायच्या आऱ्याचं पेट्रोल आणि साखळीचं तेल ठेवलेलं आहे आणि मी पाटावर बसून लिहिते आहे.)

तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? मागच्या फोनवर तुम्ही ‘बरं आहे’ म्हणालात, पण त्याच वेळी मागून भाऊजी खोकत होते, त्यामुळे नक्की कुणाचं बरं आहे ते कळलं नाही. इकडे सगळे ठीक. कपाशी वीतभर झाली, सोयाबीनमध्ये तणाची डवरणी चालू आहे, आणि तुमचे भाऊ दोन्ही सोडून लोकांच्या झाडांवर असतात. धंदा कुठवर आला असं तुम्ही विचारलं होतं. फोनवर तुमचा माझ्याशी बोलण्यापेक्षा भावाशी बोलण्यातच वेळ गेला, म्हणून आता सविस्तर लिहिते.

धंदा तोच, झाड न पाडता त्याची नडणारी फांदी तेवढी उतरवून द्यायची. पत्र्यावर आलेली, विहिरीवर झुकलेली, वादळात अर्धी मोडून लोंबकळणारी. लोकांना हे समजावताना तोंड दुखतं. निम्म्यांना झाड मुळासकट गेलेलं हवं असतं आणि उरलेल्यांना सरपण कुणाचं एवढंच विचारायचं असतं. आता ‘झाडाचे डॉक्टर’ असं नाव पडलंय. (परवा एका काकूंनी सुकलेलं लिंबाचं रोप पिशवीतून आणून दाखवलं आणि पथ्य विचारलं. तुमच्या भावांनी सांगितलंही.) हे झाडावर चढतात, आणि तांड्यावरचा देवीलाल खाली दोर धरतो, गाडी मिळाली की ती चालवतो आणि गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवतो. सामान निवडणं माझ्याकडे आलं, कारण तुमचे भाऊ दुकानात गेले की जे सगळ्यात मोठं दिसेल त्याच्याकडे बोट दाखवतात. मी एकच अट घातली. कुठलीही वस्तू घेताना विचारायचं, हिच्यामुळे माणूस संध्याकाळी दोन पायांवर घरी येईल का? येणार असेल तर घ्यायची, नाहीतर दुकानदाराला नमस्कार करून निघायचं. (सासूबाईंनी नाव अमर ठेवलं ते चांगलंच, पण त्या नावावर विसंबून झाडावर चढायचं नसतं.)

पेट्रोलच्या आऱ्यावरून दुकानात तासभर चर्चा झाली. यांना लांब पात्याचा हवा होता. मी म्हटलं, तो जमिनीवर ओंडके कापायला ठीक, पण फांदीवर उभं राहून पेलायचा आहे, तेव्हा लहान पात्याचा, हलका द्या. दुकानदार माझ्याकडे न पाहता यांना म्हणाला की बायकांना जड वाटतो, माणसांना वाटत नाही. मी लांब पात्याचा आरा त्याच्याच हातात दिला आणि स्टुलावर उभं राहून खांद्याएवढा धरायला सांगितलं. थोड्या वेळाने त्याने लहान पात्याचा काढून दिला.

डोकं वाचवणाऱ्या टोपीच्या बाबतीत मात्र यांनी माझं न ऐकता मोटरसायकलचं हेल्मेट वापरून पाहिलं. त्यात यांना वर काही ऐकू येईना. देवीलाल खालून थांबा म्हणून ओरडला, यांनी ते कापा असं ऐकलं, आणि फांदी गिऱ्हाइकाच्या वाळत घातलेल्या कपड्यांसकट दोरी घेऊन खाली आली. त्यानंतर कान मोकळे ठेवणारी टोपी आणली. पट्टाही आणला आहे, कमरेला आणि मांड्यांना बांधायचा, झाडाला अडकवायची कडी असलेला. चांगला पिवळा आहे. सध्या खुंटीवर आहे.

आता घोडीचं सांगते. आपल्याकडे रंगारी भिंत रंगवायला दुहेरी शिडी लावतात ना, तिला आम्ही घरात घोडीच म्हणतो, तुम्हीही म्हणता. पहिली फांदी उंच असली की तिथपर्यंत जायला तशी एक हवी होती. देवीलाल नातेवाइकांकडे राजूरला निघाला होता, म्हणून मी फोनवर सांगितलं की तिकडे एखादी जुनी घोडी मिळाली तर पाह्य. उंच असावी, पाय हलायला नकोत, आणि दोन माणसांचं वजन पेललं पाहिजे. तो म्हणाला, वहिनी, काळजीच करू नका, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच पाहत आलेत. मला वाटलं, त्यांच्याकडे शिड्यांचाही व्यापार होता की काय. तिसऱ्या दिवशी अंगणात पांढरी, जिवंत, लांब शेपटीची घोडी उभी. देवीलालने आधी तिचा एकेक पाय उचलून दाखवला आणि मग म्हणाला, “वहिनी, तुमीच त सांगतलं, पाय हालाले नको. चारही पाय पाहूनच आणली. दोघं बसून बी पाह्यलं आमी.”

आता यात चूक कुणाची ते सांगा. माझा शब्द बरोबर होता आणि त्याचं जनावरही बरोबर होतं. त्याची आई भुरीबाई तर तांड्यावरून खास पाहायला आली, घोडीच्या कपाळावर हळद लावली आणि लेकाची पाठ थोपटून गेली. देवीलालच्या पणजोबांच्या काळी त्यांची जनावरं मालाच्या गोण्या घेऊन कुठून कुठे जायची, आणि इतक्या वर्षांनी दारात पुन्हा पाठीवर माल नेणारं जनावर आलं म्हणून तिचा आनंद पाहण्यासारखा होता. त्यानंतर परत ने म्हणायला माझी जीभ रेटेना.

गाडीचंही तिच्यामुळेच अडलं. आम्ही जुनी पिकअप पाहत होतो. तीनचाकी मालरिक्षा आधीच बाद केली होती, कारण ओंडका मागे ठेवला की तिचं पुढचं चाक वर जाई आणि देवीलाल आभाळाकडे पाहत गाडी चालवी. पिकअप एक दिवस चालवून पाहायला आणली, तर शेतरस्त्याच्या काळ्या मातीत ती चाकाच्या आसापर्यंत बसली. शेवटी आरा, दोर, कुऱ्हाडी सगळं घोडीवर लादून नेलं आणि ती चिखलातून अशी गेली की जणू तिच्या घरचाच रस्ता. तेव्हापासून तुमचे भाऊ म्हणतात की पावसाळाभर गाडी कशाला हवी. दिसायला हे पटतं. पण घोडी आधी वरातीची होती, हे देवीलालने नंतर सांगितलं.

वरातीच्या घोडीला बँडमागच्या जनरेटरची सवय असते. आमचा आरा सुरू झाला की तसाच आवाज करतो. गेल्या आठवड्यात शाळेजवळच्या कडुनिंबाची फांदी उतरवायची होती. शिडी अजून आलेली नाही, फांदी हाताला येईना, म्हणून हे घोडीच्या पाठीवर उभे राहिले आणि वरची फांदी धरली. तेवढ्यात देवीलालने गरम करून ठेवतो म्हणून आरा सुरू केला. घोडीने मान उडवली, पुढचे पाय आळीपाळीने उचलले आणि रस्त्याने थेट लग्नाला निघाली. हे तसेच वर लोंबकळत राहिले. मग हळूहळू पाय वर घेतले, फांदीवर बसले, आणि कुणीतरी आरा पाठवा म्हणाले. काम पूर्ण करून मागच्या बाजूने दोर धरून उतरले. बघायला आलेले सगळे हसले. मीही हसले.

तर आता तुमचं आणि भाऊजींचं मत हवं. घोडी ठेवावी आणि पावसाळा संपला की पिकअप घ्यावी, की आत्ताच जुना ट्रॅक्टर पाहावा? मारेगावकडे कुणाचा असेल तर भाऊजींनी चौकशी करावी, पण चिखलात स्वतः चालवून पाहावा आणि मगच कळवावं. उत्तर सावकाश दिलंत तरी चालेल, गुडघ्याला शेक मात्र रोज द्या. भाऊजींना नमस्कार आणि आल्याचा काढा.

तुमची,
सलोनी

ता. क. वरचं पत्र यांनी वाचलं, ‘जनरेटर’चं शुद्धलेखन तपासलं आणि सगळं खरं आहे म्हणून शेरा दिला. आता ते आंघोळीला गेलेत, म्हणून हे वेगळ्या कागदावर. ताई, ट्रॅक्टर राहू द्या. मी हसले ते चारचौघांत. घरी येऊन पोळ्या करायला बसले तर चार पोळ्या तव्यावरच जळाल्या. त्या कडुनिंबाखाली सिमेंटचा ओटा होता. पट्टा आणल्यापासून यांनी एकदाही बांधलेला नाही. मी बांधला तर फाटकाबाहेर जाऊन सोडतात. म्हणतात, “मी काय बैल आहो काय, मले पट्टा बांधून राह्यली?” रागावून, रुसून, जेवण न करून पाहिलं. मी जेवले नाही तर माझी पोळीही तेच खातात.

पण तुमची राखी ते कधी सोडत नाहीत. आपोआप कुजून पडेपर्यंत हातावर असते, गेल्या वर्षीची दिवाळीपर्यंत होती, नुसता काळा दोरा उरला होता तरी. बहिणीने बांधलेलं आपल्या हाताने सोडायचं नाही, असं म्हणतात. म्हणून यंदा यांना मारेगावला बोलावू नका, तुम्हीच माहेरी या. ओवाळा, पेढा भरवा, आणि राखीच्या जागी पट्टा बांधा. कडी माझ्यासमोर लावा. रोज संध्याकाळी तो काढावा लागेलच, पण सकाळी बांधताना तुमची आठवण येईल एवढं मला पुरे. हे फोनवर बोलता आलं नसतं, तुम्हीही फोन स्पीकरवर ठेवता आणि आम्हीही.

ता. क. दुसरं. एक सांगायचं राहिलं. पट्टा नीट धरतो की नाही ते पाहायला, हे बाजारात गेले असताना, मी तो बांधून बांधावरच्या चिंचेवर चढले. दोर देवीलालने धरला होता, शब्द बाहेर जाऊ देणार नाही म्हणाला आहे. दुसऱ्या बेचक्यापर्यंत गेले. तिथून अरुणावतीचं अख्खं वळण दिसतं, आणि घरातलं कुणी हाक मारलेलं ऐकू येत नाही. वारा असा लागतो की उतरावंसं वाटत नाही. तेव्हा झाडावर जाणं सोड, असं त्यांना तुम्ही म्हणू नका, मीही आता म्हणणार नाही. फक्त बांधा. आणि येताना गुडघ्याला पट्टी घालून या, वाकावं लागेल. पट्टे आता दोन आहेत, दुसरा माझ्या मापाचा.